सिम हॉकी लीग: आजवरच्या मॅनेजरांची क्रमवारी नेमकी कशावर लावायची?

निळी_रेषा (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आपल्या सिम (संगणकावर खेळवल्या जाणाऱ्या) लीगमधल्या आजवरच्या सगळ्या मॅनेजरांचा तक्ता नव्याने मांडायला घेतलाय. (नवीन सदस्यांसाठी: चर्चगेटच्या टर्फवरची हॉकी इथे नाही, बर्फावरची आहे. ८२ सामन्यांचा हंगाम, ३२ संघ, विजयाला २ गुण, जादा वेळेत किंवा शूटआऊटमध्ये हरलं तर १; अशी हार म्हणजे ओटीएल.)

आत्ताची यादी निव्वळ एकूण विजयांवर लावलेली आहे. मला ती पटत नाही, पण तिच्या जागी काय आणावं यावर एकमत हवंय. कोणाचं नाव मध्ये आणायला नको म्हणून तीन नमुने देतो. आकडे उदाहरणापुरते घेतलेत, सगळ्यांनी हेच वापरावेत म्हणजे तुलना सोपी जाईल.

अ: १२ हंगाम, ९८४ सामने, ५२० विजय, ३६४ हार, १०० ओटीएल, १ चषक
ब: ३ हंगाम, २४६ सामने, १६० विजय, ६६ हार, २० ओटीएल, चषक नाही
क: ७ हंगाम, ५७४ सामने, ३१० विजय, २०९ हार, ५५ ओटीएल, ३ चषक

पहिला कोण? आणि का?

गोलजाळी_दादर
क. तीन चषक. पुढचा प्रश्न?

पक्का_हिशेब
चषकाकडे नंतर येऊ. आधी गुण-टक्केवारी काढा. मिळवलेले गुण भागिले मिळू शकणारे गुण, म्हणजे (२ × विजय + ओटीएल) ÷ (२ × सामने). जुन्या हंगामांत बरोबरी असेल तर तिचाही १ गुण अंशात येतो.

अ: ११४० ÷ १९६८ = ०.५७९
ब: ३४० ÷ ४९२ = ०.६९१
क: ६७५ ÷ ११४८ = ०.५८८

एनएचएलमध्ये (उत्तर अमेरिकेतली व्यावसायिक आइस हॉकी लीग) प्रशिक्षकांची तुलना याच मापाने करतात. स्कॉटी बोमन: २१४१ सामने, १२४४ विजय, ५७३ हार, ३१४ बरोबरी, १० ओटीएल, टक्केवारी ०.६५७. टो ब्लेक: ९१४ सामने, ५०० विजय, २५५ हार, १५९ बरोबरी, ०.६३४. बोमनचे विजय अडीचपट, पण दर सामन्यामागचा फरक बघा किती थोडा आहे. आपल्या जुन्या यादीत ब्लेक बोमनच्या आसपासही दिसला नसता.

मुलुंडचा_डिफेन्समन
टक्केवारी मान्य, पण ०.५०० म्हणजे सरासरी असं धरून ती वाचू नका. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो.

नियमित वेळेत निकाल लागला तर सामन्यातून २ गुण वाटले जातात. जादा वेळेत गेला तर ३. समजा १०० पैकी २३ सामने जादा वेळेत जातात. मग सामन्यामागे सरासरी २.२३ गुण वाटले जातात आणि दोन्ही संघ मिळून ४ गुणांचा दावा असतो. २.२३ ÷ ४ = ०.५५७५. ही झाली लीगची खरी सरासरी. आता 'अ'चे ०.५७९ सरासरीच्या किती वर आहेत? फक्त ०.०२२. हंगामाला साडेतीन गुण.

एनएचएलमध्ये हरणाऱ्याला हा गुण १९९९-२००० पासून मिळतो. २००५-०६ मध्ये शूटआऊट आलं आणि बरोबरी संपली. त्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी ठेवताना त्या-त्या हंगामाची सरासरी वजा करावीच लागते. बोमनच्या नावावर १० च ओटीएल का? कारण तो नियम त्याच्या शेवटच्या तीन हंगामांतच होता.

आणखी एक जोडी पाहा. बोस्टनने २०२२-२३ मध्ये १३५ गुणांचा विक्रम केला, ८२ सामन्यांत. माँट्रियलचे १९७६-७७ चे १३२ गुण ८० सामन्यांतले. टक्केवारी बोस्टन ०.८२३, माँट्रियल ०.८२५. एकूण गुणांत विक्रम एकाचा, टक्केवारीत पुढे दुसरा. तेही माँट्रियलच्या काळात हरून गुण मिळत नसताना.

हॅटट्रिक_ठाणे
+१. आपल्या लीगमध्ये सुरुवातीचे हंगाम बरोबरीवाले आहेत, त्यामुळे प्रत्येक हंगामाची सरासरी वेगळी काढा. सगळ्या हंगामांची मिळून एकच सरासरी घेतली तर जुन्या मॅनेजरांवर अन्याय होतो.

कांगा_लीग_प्रेमी
'ब' पहिला येणार असेल तर क्रिकेटवाल्यांचा जुना धडा आठवा. अँडी गँटोमने १९४८ मध्ये एकच कसोटी खेळली, एकाच डावात ११२ धावा. सरासरी ११२, ब्रॅडमनच्या ९९.९४ च्या वर! म्हणून कसोटीच्या याद्यांना किमान २० डावांची अट घालतात. आपल्या विजय मर्चंटांची प्रथम श्रेणीतली ७१.६४ ही सरासरी ब्रॅडमनच्या ९५.१४ च्या खालोखाल मानतात तीही अशाच किमान अटीमुळे. आपणही किमान ४ हंगामांची अट ठेवू. 'ब' यादीत येणारच नाही, अजून एक हंगाम खेळू दे.

पक्का_हिशेब
अटीला माझा विरोध आहे. ३२७ सामन्यांचा माणूस यादीबाहेर आणि ३२८ चा थेट पहिला, असं का व्हावं? अट माहिती फेकून देते. त्यापेक्षा प्रत्येकाच्या खात्यात काही काल्पनिक सरासरी सामने मिळवा. ज्याचे खरे सामने कमी तो सरासरीकडे जास्त ओढला जातो, जुन्या मॅनेजरला फारसा फरक पडत नाही.

समजा प्रत्येकाला ८२ सामने ०.५५७५ ने दिले, म्हणजे ९१.४ गुण, १६४ पैकी.

अ: १२३१.४ ÷ २१३२ = ०.५७८
ब: ४३१.४ ÷ ६५६ = ०.६५८
क: ७६६.४ ÷ १३१२ = ०.५८४

'ब' अजूनही पहिला आहे, पण ०.६९१ वरून ०.६५८ वर आला. एकाच हंगामाचा राजा असता तर सरासरीच्या दिशेने अर्धं अंतर खाली आला असता.

सेकंड_लाइन_सेंटर
८२ च का? ४० का नाहीत, २०० का नाहीत?

पक्का_हिशेब
बरोबर विचारलंत. तो आकडा मनाने ठरवायचा नाही, आपल्याच नोंदींतून काढायचा. एकाच मॅनेजरचे लागोपाठचे दोन हंगाम अशा जोड्या करा, प्रत्येकी सरासरीपेक्षा फरक घ्या आणि सहसंबंध काढा. एक्सेलमध्ये एका सूत्राचं काम आहे. तो 'स' आला तर काल्पनिक सामने = ८२ × (१ − स) ÷ स. स ०.५ असेल तर ८२, ०.४ असेल तर १२३. जोड्या तीसेक तरी हव्यात, नाहीतर 'स' स्वतःच डळमळीत असतो.

मुलुंडचा_डिफेन्समन
हे गणित नीट आहे, पण त्या सहसंबंधात मॅनेजर आणि संघ दोन्ही मिसळलेत हे ध्यानात ठेवा. चांगला गोली (गोलरक्षक) पाच वर्षांच्या करारावर असेल तर मॅनेजर झोपला तरी दोन्ही हंगाम चांगले दिसतील.

बर्फाळ_बोरिवली
याच मुद्द्यावर थोडं सविस्तर लिहितो, कारण सिम लीगमध्ये आपल्याला जी सोय आहे ती खऱ्या हॉकीत कोणालाच नाही. आपण हंगाम पुन्हा खेळवू शकतो.

प्रश्न असा आहे: मॅनेजरने संघ हातात घेतला त्या दिवशी तो संघ मुळात किती गुणांचा होता? हे असं काढायचं.

हंगामाच्या पहिल्या दिवसाच्या सेव्ह फाइलची प्रत करा. मूळ फाइलला हात लावू नका, फोल्डरच वेगळा ठेवा. प्रतीमध्ये सगळे ३२ संघ संगणकाच्या ताब्यात द्या. संगणकाचे आपापसातले ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) बंद करा. हे विसरलात तर नोव्हेंबरपर्यंत तुमचा संघ तुमचा राहतच नाही आणि आकडा फुकट जातो. दुखापती मात्र चालू ठेवा, कारण राखीव फळी किती खोल आहे हे त्यांच्यामुळेच कळतं. हंगाम पूर्ण चालवा, गुणतक्ता सीएसव्हीत काढा, फाइल परत पहिल्या दिवसावर आणा, पुन्हा चालवा. असं वीस वेळा.

वीसच का, तर एका ८२ सामन्यांच्या हंगामात निव्वळ नशिबाने सुमारे साडेआठ गुण इकडेतिकडे होतात. (एका सामन्यातल्या गुणांचं प्रमाण विचलन साधारण ०.९३, गुणिले ८२ चं वर्गमूळ.) म्हणजे १०० गुणांचा आणि ९२ गुणांचा संघ एकाच ताकदीचे असू शकतात. वीस फेऱ्यांची सरासरी घेतली की हीच चूक दोन गुणांच्या आत येते. त्यापुढे वेळ घालवून फार हाती लागत नाही.

मग मॅनेजरचे प्रत्यक्ष गुण वजा ही अपेक्षा. समजा अपेक्षा ८४ आणि मिळाले ९७, तर +१३. यातले काही नशिबाचे, पण पाच-सहा हंगाम सातत्याने अधिक चिन्ह येत असेल तर ते नशीब राहत नाही.

जुन्या हंगामांच्या सेव्ह फाइल नसतील तर कामचलाऊ उपाय: आधीच्या हंगामातले गुण सरासरीकडे निम्मे ओढा. गेल्या वर्षी ११० गुण होते, सरासरी ९१. अपेक्षा १०० ते १०१. हे ढोबळ आहे, पण शून्यापेक्षा बरं.

हॅटट्रिक_ठाणे
याने विस्तारात आलेल्या नव्या संघांचाही न्याय होतो. एनएचएलमध्ये वेगासने २०१७-१८ ला पहिल्याच हंगामात १०९ गुण मिळवून अंतिम फेरी गाठली. अपेक्षा धरून मोजलं तरच अशा कामाचं मोल कळतं.

गोलजाळी_दादर
सगळं ऐकून घेतलं. तरी मी क वर ठाम आहे. गुणतक्ता ही पात्रता फेरी आहे. मुंबईचे १९५८-५९ ते १९७२-७३ सलग १५ रणजी करंडक लोक सांगतात, त्या काळात साखळीत किती गुण मिळवले ते कोणी सांगत नाही. मार्चमध्ये दोन उमदे पोरगे आणि पहिल्या फेरीचा पिक (नवा खेळाडू निवडायचा हक्क) देऊन अनुभवी सेंटर आणणं हा निर्णयच चषकासाठी असतो. तो मोजणारच नसाल तर मॅनेजरचं अर्धं काम मोजलं नाही.

पक्का_हिशेब
मोजू या, पण किती भरवशाचं माप आहे ते आधी बघू. चार फेऱ्या, प्रत्येक सातपैकी चारची. प्रत्येक प्रतिस्पर्ध्याविरुद्ध १०० त ६० सामने जिंकणारा संघ घ्या, हा फारच दांडगा झाला. एक मालिका जिंकण्याची शक्यता ७१ टक्के, चारही जिंकण्याची २५ टक्के. ५५ वाल्याची मालिकेला ६१ आणि चषकाला जेमतेम १४ टक्के. म्हणजे लीगमधला सर्वोत्तम संघही चारपैकी तीन वर्षं हात हलवत परत येतो.

डेट्रॉईट १९९५-९६: ६२ विजय, कॉन्फरन्स फायनलला बाहेर. टँपा २०१८-१९: ६२ विजय, पहिल्याच फेरीत ४-० ने बाहेर. बोस्टन २०२२-२३: ६५ विजय, तेही पहिल्याच फेरीत. यांच्या मॅनेजरांना अपयशी म्हणायचं का?

कांगा_लीग_प्रेमी
चषकांना काळाची फूटपट्टी लावा मग. लीगमध्ये जितके संघ, तितका एक चषक महाग. प्रत्येक हंगामाला १ ÷ संघसंख्या एवढा 'अपेक्षित चषक' धरायचा.

टो ब्लेक: १९५५-५६ ते १९६७-६८, तेरा हंगाम, आठ स्टॅनले कप (एनएचएलचा चषक). त्यातले बारा हंगाम सहा संघांचे आणि शेवटचा बारा संघांचा. १२ × १/६ + १/१२ = २.०८ अपेक्षित, मिळाले ८. जवळजवळ चौपट. शिवाय तेव्हा सहातले चार संघ प्लेऑफला (बाद फेरीला) जायचे, दोन मालिका जिंकल्या की कप. आज चार मालिका, १६ विजय लागतात.

बोमनचे नऊ कप बघा: १९७३ ला १६ संघ होते, १९७६ ते ७८ ला १८, १९७९ ला १७, १९९२ ला २२, १९९७ आणि ९८ ला २६, २००२ ला ३०. आठ आणि नऊ यांत एकाचाच फरक दिसतो, पण बोमनचे कप किती महागाचे आहेत!

आपल्या ३२ संघांच्या लीगमध्ये 'क'चे ७ हंगाम म्हणजे ०.२२ अपेक्षित, मिळाले ३. हे मात्र खरंच थोर आहे. गोलजाळी, तुमच्या बाजूचा सगळ्यात पक्का पुरावा हा.

गोलजाळी_दादर
धन्यवाद. हे तक्त्यात गेलं तर माझा आग्रह सोडतो. एवढंच करा की चषकांचा स्तंभ गुणांत मिसळू नका, शेजारी स्वतंत्र ठेवा.

सेकंड_लाइन_सेंटर
थोडं विषयांतर. खऱ्या हॉकीत प्रशिक्षक वेगळा आणि जनरल मॅनेजर वेगळा, आपल्याकडे दोन्ही एकच माणूस. त्यामुळे बोमनपेक्षा सॅम पोलॉकशी तुलना जवळची वाटते. १९६४ ते १९७८ माँट्रियलचा जनरल मॅनेजर, नऊ कप. त्याने १९७० मध्ये कॅलिफोर्नियाशी ट्रेड करून त्यांचा १९७१ चा पहिल्या फेरीचा पिक घेतला, तो पहिल्या क्रमांकाचा निघाला आणि त्यातून गी लाफ्लर आला. पोलॉक गेल्यावर १९७९ चा कप जिंकला त्यातही लाफ्लर होताच. मग त्या कपचं श्रेय कोणाचं?

बर्फाळ_बोरिवली
वरची पद्धत ते अर्धं सोडवते. पुढच्या मॅनेजरची अपेक्षाच जास्त निघते, त्यामुळे वारशाचं श्रेय त्याला फुकट मिळत नाही. आधीच्याला द्यायचं असेल तर तो सोडून गेला त्या दिवशीची अपेक्षा वजा तो आला त्या दिवशीची अपेक्षा, हा स्तंभ 'मागे ठेवलेला संघ' म्हणून ठेवा. पिक आणि पोरांची किंमत मात्र त्यात येत नाही, कारण ते अजून खेळत नसतात.

नोंदवही
माझं म्हणणं सूत्रांच्या आधीचं आहे. नोंदीच चुकीच्या असतील तर कुठलंही माप चुकणार. नेहमी चुकतं ते असं:

सॉफ्टवेअर आकडे संघाच्या नावाखाली साठवतं. मॅनेजरने संघ बदलला की त्याचे विजय जुन्या संघाकडेच राहतात आणि नव्या संघाचा मागचा इतिहास त्याच्या गळ्यात पडतो. म्हणून मूळ पत्रकात एक ओळ = एक मॅनेजर + एक संघ + एक हंगाम + पहिला आणि शेवटचा सामना. हंगामाच्या मध्ये बदल झाला तर दोन ओळी. पिव्हट टेबल त्याच्यावर लावायचं.

संघाचं नाव किंवा शहर बदललं तर क्रमांक तोच ठेवा, नावावर जोडणी करू नका. मॅनेजरलाही क्रमांक द्या. एकाच माणसाची दोन टोपणनावं असतात आणि एकाच नावाच्या शुद्धलेखनाच्या दोन तऱ्हा.

प्लेऑफचे सामने एकूणात मिसळलेत का ते पाहा. ८२ च्या वर सामने दिसले की समजायचं.

शूटआऊटमधली हार कधी वेगळ्या स्तंभात येते, कधी ओटीएलमध्येच. दोन्ही स्तंभ बेरजेत घेतले तर दुहेरी मोजणी, एकच घेतला तर गुण गळतात.

आणि शेवटी ताळा. प्रत्येक हंगामात सगळ्या संघांचे मिळून विजय = हार + ओटीएल. ३२ संघांच्या हंगामात विजयांची बेरीज १३१२ च यायला हवी (३२ × ८२ ÷ २). गुणांची बेरीज = २६२४ + जादा वेळेत गेलेले सामने. हा ताळा जुळेपर्यंत पुढे जाऊ नका.

हॅटट्रिक_ठाणे
नोंदवही यांना संपूर्ण अनुमोदन. एक विचारतो: मॅनेजर आठवडाभर फिरकला नाही, लाइन्स (कोण कुठल्या फळीत खेळणार ते) पाठवल्या नाहीत, ते सामने कोणाचे?

नोंदवही
त्याचेच. जुन्या लाइन्सवर खेळणं, जखमी खेळाडू पहिल्या फळीत अडकून राहणं, लागोपाठच्या दोन रात्री एकच गोली उभा राहणं, हे सगळं मॅनेजरच्या कामाचाच भाग आहे. कमिशनरने अधिकृतपणे काळजीवाहू नेमला तर त्या तारखेपासून काळजीवाहूच्या नावावर.

मुलुंडचा_डिफेन्समन
मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण एक गोष्ट कोणीच बोललं नाही. दर सामन्यामागे किती चांगला, हा एक प्रश्न. एकूण किती देऊन गेला, हा दुसरा. दुसऱ्यासाठी पायाभूत पातळीच्या वरचे गुण मोजायचे. आणि ती पातळी कुठे धरता त्यावर सगळा निकाल फिरतो. करून दाखवतो.

पातळी = लीगची सरासरी, ०.५५७५:
अ: ११४० − १०९७.२ = +४२.८
ब: ३४० − २७४.३ = +६५.७
क: ६७५ − ६४० = +३५
क्रम: ब, अ, क.

पातळी = मॅनेजर नसलेला, संगणकावर चालणारा संघ. तो ०.४८० मिळवतो असं समजा:
अ: ११४० − ९४४.६ = +१९५.४
ब: ३४० − २३६.२ = +१०३.८
क: ६७५ − ५५१ = +१२४
क्रम: अ, क, ब.

तेच तीन लोक, तेच सामने. पक्का_हिशेब यांच्या टक्केवारीत क्रम ब, क, अ होता. तीन मापं, तीन क्रम. त्यामुळे 'कोण पहिला' याआधी 'कशाच्या तुलनेत' हे तक्त्याच्या डोक्यावर छापलंच पाहिजे.

माझं मत दुसऱ्या पातळीला. बारा हंगाम सरासरीच्या थोडं वर राहणं सोपं नाही. तो नसता तर संघ रिकामा असता आणि संगणक चालवत असता. खरी तुलना त्याच्याशी. सरासरीपासून मोजलं तर बारा वर्षं लीग धरून ठेवणाऱ्या माणसाच्या कष्टांची किंमत जवळजवळ शून्य होते. मला ते चूक वाटतं.

पक्का_हिशेब
मान्य. माझी टक्केवारी 'कोणाशी ट्रेड करताना सावध राहावं' याचं उत्तर देते. आजवरचा थोर कोण, याला तुमचं माप जास्त योग्य. पण ०.४८० हा आकडा नोंदींतूनच काढा: रिक्त संघांनी प्रत्यक्षात किती टक्के गुण मिळवले ते.

नोंदवही
रिक्त संघ आधीच कमकुवत असतात, म्हणून तर कोणी घेत नाही. तेव्हा तिथेही बर्फाळ यांची अपेक्षा वजा करून मगच पातळी ठरवा.

निळी_रेषा
सगळ्यांचे मनापासून आभार. असं करतो: क्रम लागेल तो रिक्त संघाच्या पातळीवरच्या एकूण गुणांवर. शेजारी स्तंभ: सरासरीकडे ओढलेली टक्केवारी, अपेक्षेपेक्षा जादा गुण (जिथे सेव्ह फाइल आहेत तिथेच), चषक आणि अपेक्षित चषक, मागे ठेवलेला संघ. किमान हंगामांची अट नाही. पातळी कशी काढली ते वर पहिल्या ओळीत.

नोंदवही, जुन्या बरोबरीवाल्या हंगामांत ताळा कसा घ्यायचा?

नोंदवही
विजय = हार, आणि बरोबऱ्यांची बेरीज सम यायला हवी, कारण प्रत्येक बरोबरी दोन संघांच्या खात्यात पडते. विषम आली तर एक सामना कुठेतरी एकाच बाजूला नोंदला गेलाय. पत्रक पाठवा, पहिल्या हंगामापासून मी तपासायला घेतो.